शिवून बंद केलेला खिसा

डिलाईल रोडच्या त्या चाळीत चंपा धुरीला 'कशी आहेस' असं विचारायचं धाडस सहसा कुणी करत नाही. घाईत असलेला माणूस तर नाहीच नाही. कारण तिचं उत्तर 'बरी आहे' वर थांबत नाही. ते गुडघ्यापासून सुरू होतं, सुरमईच्या भावावरून जातं आणि मुलीवर येऊन जो मुक्काम ठोकतं, तो काही हलायचं नाव घेत नाही. "आमचं अक्षता विमानाचं शिकतंय," चंपा सांगते. "उडवायचं नाही हां. उडवणारे पुष्कळ. ते उडण्यालायक आहे की नाही, हे तपासून सही करणारं होणार आमचं." समोरच्याने हे आधी दहादा ऐकलेलं असलं तरी तिचं काही बिघडत नाही. चांगली बातमी शिळी होते, हेच मुळी तिला मान्य नाही.

गॅलरीच्या टोकाला, नळाच्या अलीकडे तिचं शिलाई मशीन. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, गणपतीत पोरांचे झब्बे, जे येईल ते. चंपाची शिवण उसवत नाही, कापड आधी फाटतं, असं चाळीत म्हणतात आणि हे वाक्य मुळात तिनेच पसरवलंय असंही म्हणतात. नवरा राजाराम लोअर परळच्या एका ऑफिसात पॅन्ट्री सांभाळतो. घरातला बोलण्याचा सगळा वाटा बायकोनेच उचलल्यामुळे तो बिचारा मान हलवून भागवतो.

अक्षताला हे विमानाचं वेड कुठून लागलं कुणास ठाऊक. चाळीतल्या मुली नर्सिंगला जातात, बँकेच्या परीक्षा देतात, एखादी वकील होते. ही बारावी सायन्स झाली आणि म्हणाली, मला विमान दुरुस्तीचा कोर्स करायचाय. फीचा आकडा ऐकून राजारामने त्या रात्री मानसुद्धा हलवली नाही. पण माटुंग्याच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी तिला दादरच्या 'उड्डाण निधी'चा पत्ता दिला. विमान कंपन्यांतून निवृत्त झालेल्या काही मंडळींनी मिळून काढलेला हा निधी. साध्या घरातली मुलं, ज्यांना वैमानिक व्हायचंय, विमानं दुरुस्त करायचीत, रॉकेटचं शिकायचंय, त्यांना ही माणसं शिष्यवृत्ती देतात. ऑफिस म्हणजे जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या आणि बाहेर एक लाकडी बाक.

मुलाखतीला हितेंद्र जयकर होते. निधीचे सचिव, आयुष्यभर विमानांची इंजिनं उघडून बसलेला माणूस, गिरगावातला, बोलायला मोजका. त्यांनी विचारलं, "विमानच का?" अक्षता म्हणाली, "सर, आमच्याकडे आईचं शिलाई मशीन अडलं की ती मेकॅनिकला नाही, मला हाक मारते. मला आता मोठ्ठं मशीन उघडून बघायचंय." जयकर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आठवड्याने फोन आला. निवड झाली होती. शिकायची संस्था घाटापलीकडे होती. तिथेच धावपट्टी, तिथेच विमानं ठेवायचं हँगर, तिथेच हॉस्टेल आणि सगळा खर्च निधीचा.

चंपा त्या दिवशी गॅलरीत फतकल मारून रडली. मग उठून तिने अख्ख्या मजल्याला साखर वाटली. आणि मग सुरू झाली तिची परतफेड. दादरच्या त्या ऑफिसात कधी कोकम, कधी गावच्या जत्रेतलं खाजं, कधी कुळथाचं पीठ. एकदा तिथले पडदे तिला विटलेले दिसले, तर माप घेऊन गेली आणि नवे शिवून स्वतः स्टुलावर चढून लावून आली. जयकर अवघडून म्हणाले, "अहो धुरीबाई, पुरे आता. शिष्यवृत्ती तुमच्या मुलीने मिळवलीय, आम्ही उपकार केलेले नाहीत." चंपा म्हणाली, "साहेब, तुम्ही नाही म्हणा, पण मला केल्याशिवाय राहवत नाही. माझ्या पोरीला तुम्ही आभाळ दाखवलंत." मनातलं बोलायला तिला कधी लाज वाटली नाही.

जयकरांनी मात्र पहिल्याच दिवशी आईबापांना समोर बसवून एक गोष्ट सांगितली होती. "अभ्यासात मागे पडली तर हात देऊ. आजारी पडली तर थांबू. पण विमानाच्या सुरक्षेचा नियम मोडला, किंवा त्या बाबतीत खोटं बोलली, तर शिष्यवृत्ती त्याच दिवशी बंद. तिथे आमच्याकडे माफी नाही." राजारामने मान हलवली. चंपा म्हणाली, "आमचं पोर खोटं बोलणारं नाही हो साहेब." आणि त्यात खरोखरच काही खोटं नव्हतं.

वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी अक्षताला प्रत्यक्ष हँगरमध्ये काम मिळालं. सुट्टीत घरी आली ती निळे ओव्हरऑल घेऊनच.

"आई, याचे सगळे खिसे शिवून बंद कर."

"खिसे बंद? अगं, मग रुमाल कुठे ठेवणार?"

"कुठेच नाही. तेच तर ना! हँगरमध्ये अंगावर काही न्यायचं नाही. अंगठी नाही, क्लिप नाही, पेन नाही, एक नाणंसुद्धा नाही. वाकलं की पडतं, आणि विमानात पडलं की कुठे जाऊन अडकेल सांगता येत नाही. आमचे सर तर म्हणतात, खिसा हाच शत्रू."

"शत्रू म्हणे! बाई बाई बाई," चंपा म्हणाली आणि मशीनवर बसली.

आता इथे चंपाच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. गेलं वर्षभर पोरीचं जो तो कौतुक करत होता. चाळीत, गाववाल्यांच्या मंडळात, हळदीकुंकवात, जिथे तिथे अक्षता. चंपाच तर सांगत फिरत होती. आणि आता शेजारची रखमाकाकू म्हणाली होती, "गो चंपा, पोराचा किती सांगशीत? दृष्ट लागात." चंपाच्या काळजात चर्र झालं. खरंच की! एवढं मोठं भाग्य दारी आलं, आणि त्याला दृष्टीचा धागासुद्धा बांधला नाही! अक्षताला दोरा बांधायला गेलं तर ती ऐकायची नाही. मग चंपाने पेटीतून भोकाचा पैसा काढला. इंग्रजांच्या वेळचा, तांब्याचा, मध्ये भोक असलेला. अक्षता रांगत होती तेव्हा हाच तिच्या कमरेच्या करगोट्यात ओवलेला होता आणि पोर कधी साधी शिंकली नव्हती, असं चंपाचं म्हणणं. गावच्या रवळनाथाचा अंगारा कागदात बांधला, त्यात तो पैसा ठेवला, पुडी उजव्या खिशात तळाशी घातली आणि वरून खिसा दुहेरी शिवून टाकला.

पोरीने सांगितलं होतं खिसा बंद कर. केला की! बंदच केलाय, मग आत काय का असेना. पडेल कशाला? चंपाची शिवण काय उसवणारी होती? असं स्वतःला पटवून तिने दोरा दातांनी तोडला आणि ओव्हरऑलची घडी घातली. त्या रात्री तिला फार शांत झोप लागली.

पुढे काही आठवडे गेले. एका संध्याकाळी चंपा देवापाशी दिवा लावत होती, तेवढ्यात अक्षताचा फोन आला. आवाज वेगळाच.

"आई, पटकन सांग. माझ्या ओव्हरऑलच्या उजव्या खिशात तू काही ठेवलं होतंस?"

चंपाच्या हातातली काडीपेटी तशीच राहिली. "का गो?"

"आतलं अस्तर फाटलंय. आता कपडे बदलताना बघितलं. राखेसारखं काहीतरी लागलंय. मी आज दिवसभर विमानात आडवी पडून काम करत होते. दोन सीटचं छोटं विमान आहे, पायलटचे पाय असतात तिथे डोकं घालून. त्यातून काही पडलं असेल तर मला आत्ता सरांना सांगावं लागेल. काही होतं का? काही कडक, धातूचं?"

त्या एका क्षणात चंपाला जयकरांचा चेहरा दिसला. माफी नाही, म्हणाले होते. नियम मोडला की त्याच दिवशी बंद. पोरगी घरी. आभाळ बंद. आणि हे सगळं कुणामुळे? आईमुळे. तिची जीभ तिच्याआधीच बोलून गेली.

"काय नाय गो. अंगारा होता जरासा. देवाचा. बाकी काय नाय."

"नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय! मी शिवलाय ना!"

"आई, कमाल करतेस तू पण! सांगायचं तरी. बरं, सरांना सांगते, नुसती राख होती. चल, आता जेवून स्टडी, फोन जमा करायचाय." आणि फोन कट झाला.

चंपाने दिवा लावला. हात जोडले. आणि समोर रवळनाथाची तसबीर असताना तिला काही म्हणता येईना. एरवी तिचं गाऱ्हाणं म्हणजे देवानेच घड्याळ बघावं असं असतं. आज एक शब्द फुटेना. राजाराम भाकरी मोडता मोडता तिच्याकडे बघत होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि तो पैसा पेटीतून गेलेला त्याला माहीत होता.

"अवो," चंपा म्हणाली, "तो इवलासा पैसा. त्याने काय होतंय? एवढं मोठं विमान."

 राजारामने मानही हलवली नाही.

"पडला असेल कुठेतरी. हँगरात. जमिनीवर. केर काढतील उद्या."

तरीही नाही.

"बोला ना मेल्यानु काहीतरी!"

तेव्हा तो म्हणाला, "उद्या त्यात कोण बसात?"

झालं. चंपाने पदर तोंडाला लावला. कोण बसेल? कुणाचं तरी पोर. पायाशी तो पैसा घेऊन ते पोर वर जाईल, आणि त्याच्या आईला इकडे काही पत्ता नसेल. ती बिचारी कुठेतरी डबा भरत असेल, मेथी निवडत असेल. आपल्या पोरीचं भाग्य राखायला आपण दुसरीच्या पोराला वर धाडतोय की काय? रांडेच्या जिभे, ती स्वतःला म्हणाली, दिवसभर वळवळतेस आणि नेमकं खरं सांगायच्या वेळी बसते वाटतं तुझी दातखीळ!

तिने अक्षताला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बंद. फोन जमा झाले होते आणि ते सकाळशिवाय मिळत नाहीत. संस्थेचा नंबर तिच्याकडे नव्हता. अक्षताच्या मैत्रिणीही तिथल्याच, त्यांचेही फोन तिथेच. विमानं उजाडताच उडतात, हे अक्षतानेच कधीतरी सांगितलेलं. आता संस्थेपर्यंत पोचायला एकच माणूस होता, आणि तो म्हणजे हितेंद्र जयकर. म्हणजे ज्याच्या हातात शिष्यवृत्ती, त्यालाच फोन करून सांगायचं, की घ्या, ही माझी चूक, आणि हे माझं खोटं.

चंपा मशीनच्या स्टुलावर बसली. फोन हातात धरून नुसती बसली. पोरीचा हसरा चेहरा, निळे कपडे, हँगरमधला तो फोटो, सगळं डोळ्यांपुढून गेलं.  मग तिने नाक पुसलं आणि नंबर लावला.

"साहेब, मी चंपा धुरी. साहेब, रागवा, काय वाटेल ते करा, पण आधी ऐका. ते दोन सीटचं विमान उडवू नका. त्यात माझा पैसा पडलाय."

सुरुवातीला जयकरांना काही कळेना. त्यांना वाटलं, बाई पैशांचं काही बोलतेय. मग तिने सगळं सांगितलं. दृष्ट, अंगारा, भोकाचा पैसा, दुहेरी शिवण, फाटलेलं अस्तर. आणि शेवटी, "पोरीने मला विचारलं, मी तिला खोटं सांगितलं. तिला काय म्हणजे काय माहीत नाही, साहेब. ती तुमच्या सरांना जे बोलली असेल, ते माझं खोटं बोलली."

 मग जयकर एवढंच म्हणाले, "फोन ठेवा. मला तिकडे कळवायचंय."

रागावलेही नाहीत. ते जास्त वाईट.

सकाळी अक्षताचा फोन आला. विमान थांबवलं होतं. पहाटेच सगळ्यांनी मिळून पायलटच्या पायाखालचे पत्रे उघडले. विमान वळवायला पायाशी दोन पेडल असतात, त्यांच्या तारा खालून जातात. एक तार जिथे छोट्या कप्पीवरून फिरते, त्या खाचेच्या अगदी कडेला पैसा पडला होता. आणखी एक हिसका बसला असता तर खाचेत बसला असता, आणि मग पेडल ऐन वेळी अडलं असतं. सर म्हणाले, जमिनीवर अडलं असतं तर नशीब, आणि वर अडलं असतं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

"आई," अक्षता म्हणाली, आणि तिचा आवाज रडून बसलेला होता, "मी सरांना शब्द दिला होता. नुसती राख आहे म्हणाले. तू माझ्याशी खोटं का बोललीस?"

 "चुकलं माझं, बाय," ती म्हणाली. तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं उत्तर असावं.

शनिवारी दादरला निधीची बैठक बोलावली. अक्षताला आणि आईबापांना यायला सांगितलं. अक्षता आदल्या संध्याकाळी आली, जेवली, आईशी कामापुरतं बोलली. रागाने नव्हे. तिला भीती वाटत होती आणि ती भीती आईला दिसू नये म्हणून ती कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली. चंपाला ते दिसलं. आईला दिसणार नाही असं जगात काय असतं?

ऑफिसात अक्षताला आधी आत बोलावलं. राजारामला बसवेना, तो जिन्यात जाऊन उभा राहिला. बाहेरच्या बाकावर चंपा, आणि तिच्या शेजारी एक बाई. पन्नाशीच्या आसपासची, साधी सुती साडी, हातात पाण्याची बाटली. चेहऱ्यावरून वाटत होतं, हिचंही काहीतरी पोराबाळाचंच असणार.  गप्प बसणं चंपाला सहन होईना.

"तुमचंही मूल यांच्याकडेच?"

"हो. मुलगी."

"काय चूक झाली?"

बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "चूक नाही. मी सहज आलेय. तुमचं?"

बस्स, बांध फुटला. चंपाने त्या अनोळखी बाईला गुडघ्यापासून नव्हे, थेट खिशापासून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. आपण खोटं कसं बोललो, दिव्यापुढे कसे शब्द फुटेनात, नवऱ्याने काय विचारलं, सगळं. "बाई, खरं सांगू? ह्या लोकांनी माझ्या पोरीसाठी जे केलं, ते सख्ख्या भावाने केलं नसतं. आणि मी काय केलं? त्यांच्याच विमानात दगड टाकला. आता काढून घेतली शिष्यवृत्ती तर बोलायला तोंड नाही मला. फक्त पोरीला खोटारडी म्हणू नये, एवढंच. ते माझ्या नावावर लिहा म्हणावं."

त्या बाई एकटक तिच्याकडे बघत होत्या. "आणि तरी तुम्ही फोन केलात," त्या म्हणाल्या. "जयकरांनाच."

"मग काय करणार? त्यात बसणाऱ्या पोराची पण आई असेल ना कुठे."

 बाटलीचं झाकण त्या उगाच उघडझाप करत राहिल्या. तेवढ्यात आतून चंपाला हाक आली.

टेबलापलीकडे जयकर आणि आणखी दोन वयस्क माणसं. अक्षता खुर्चीत ताठ बसलेली. चंपाने बसायच्या आधीच सुरुवात केली. "साहेब, पोर खोटं बोललेली नाही. खोटं मी बोलले. नियम मी मोडला. काय शिक्षा असेल ती..."

"धुरीबाई, बसा," जयकर म्हणाले. "आज थोडं मला बोलू द्या."

चंपा बसली.

"तुमच्या मुलीने अस्तर फाटलेलं पाहिलं आणि लपवलं नाही. तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही सांगितलंत ते जसंच्या तसं सरांपर्यंत नेलं. राख आहे हेसुद्धा तिने लपवलं नाही. आमच्या कामात एवढंच मागतात. तिच्याकडून नियम मोडला गेलेला नाही, असं संस्थेने लेखी कळवलंय आणि आम्हालाही तेच वाटतं. शिष्यवृत्ती चालू राहील." ते थांबले. "तुमच्याबद्दल मला राग आला होता. आला नव्हता असं नाही. त्या संध्याकाळी तिकडे कळवून झाल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो. पण बाई, मी एवढी वर्षं हँगरमध्ये काढली. हातातून चूक झाल्यावर, स्वतःचं एवढं सगळं जाणार हे दिसत असताना, आपणहून फोन करणारी माणसं मी फार कमी पाहिली. शिकलेलीसुद्धा."

अक्षताने खुर्चीतूनच हात लांब करून आईचा हात धरला. चंपाला रडू आवरेना. "तुमचे उपकार साहेब," ती म्हणायला लागली, "सात जन्म फिटायचे नाहीत, तुम्ही देवमाणसं..."

"थांबा," मागून आवाज आला.

दारात बाकावरच्या त्या बाई उभ्या होत्या. जयकर उठले. "या अनुजाताई. धुरीबाई, ह्या माटुंग्याच्या अनुजा केळुस्कर. यांची प्राची आपलीच विद्यार्थिनी, त्याच संस्थेत वैमानिकाच्या कोर्सला आहे. त्यांनी आपणहून यायचं म्हटलं होतं."

अनुजाताई आत आल्या. काहीतरी नीट बोलायचं ठरवून आल्या असाव्यात, पण ते जमेना. त्या चंपासमोर आल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "त्या दिवशी सकाळी त्याच विमानातून पहिल्यांदा एकटीने उडणार होती माझी मुलगी," त्या म्हणाल्या. "शेजारी सर नाहीत, कुणी नाही. मला आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं तिने. मी पहाटे उठून देवापाशी बसले होते. आणि तिचा फोन आला, आई, आज नाही, विमानात काहीतरी सापडलंय. मी चिडले हो! म्हटलं, नेमकं आजच? मला काय माहीत." त्यांनी चंपाचे हात सोडले नाहीत. "उपकाराचं तुम्ही बोलू नका. आज ते मला बोलू द्या."

चंपाला एकदम कळलं. जिला ती त्या संध्याकाळी मनातल्या मनात बघत होती, कुठेतरी मेथी निवडत बसलेली, काही पत्ता नसलेली, ती ही. ती खरंच होती. माटुंग्याला राहत होती.

"प्राची, ये गं आत," अनुजाताईंनी हाक मारली.

एक उंच, सावळी, केस बारीक कापलेली मुलगी आत आली. लाजली होती. तिने अक्षताकडे बघून हसल्यासारखं केलं, मग पुढे येऊन वाकली आणि चंपाच्या पायांना हात लावला.

सगळे चंपाकडे बघत होते. राजारामही जिन्यातून दारापर्यंत आला होता. आता ही काय काय बोलेल, असं अक्षताला वाटत होतं.  पण चंपाने मुलीला खांद्याला धरून उठवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, गालावरून फिरवला. गाल कोमट होता, कपाळावर बाहेरच्या उन्हाचा घाम होता. चंपा तिला डोळे भरून बघत राहिली आणि मग तिच्या तोंडातून कसेबसे तेवढेच शब्द आले.

"जेवलंस काय गो, बाय?"